मोटरीचा वेग आणि अर्थिंगची तार
(वारणानगर येथील भाषणाचा मजकूर)



तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात येथे सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. या परिसरातील उसाला नदीचे पाणी वर चढवून देण्याचे काम विजेच्या मोटरी करीत आल्या आहेत. अशा मोटरीचा वेग कमी-अधिक करणारे ड्राइव्ह नावाचे यंत्र आता शेतीपंपास आणि गावच्या पाणीपुरवठ्यासही बसविता येते. 50 हर्ट्‌झचा प्रवाह ते प्रथम एकदिश करते, कपॅसिटरमध्ये साठविते आणि हव्या त्या वारंवारतेने मोटरीस पुरविते. मोटर सावकाश सुरू होते, हा त्याचा मोठा गुण. बचतीची आश्वासने मात्र पारखून घ्यावीत. वेग 80 टक्क्यांवर आणल्यास वीज निम्मी लागते, हे गणित पाणी नुसते फिरविण्याचे आहे. उंच माळावर चढविण्याचे नव्हे.

मला आज जे सांगावयाचे आहे, ते जीविताविषयी आहे. अर्थिंग म्हणजे खड्डा, मीठ, कोळसा आणि एक पट्टी, अशी आपली समजूत असते. खड्डा हवाच, परंतु हिशेब करून पाहा. खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे आणि ड्राइव्हच्या लोखंडी पेटीस 230 व्होल्टची फेज चिकटली, तर जमिनीतून फार तर 46 अँपिअर प्रवाह जाईल. 100 अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही. पेटीत वीज तशीच राहील आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला पंपचालक तिला हात लावील. म्हणून मोटरीपासून ड्राइव्हपर्यंत, तेथून पॅनेलपर्यंत व पुढे रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत धातूचा अखंड मार्ग असावा. रोहित्रापर्यंत तो नसेल, तेथे ड्राइव्हला चालणारे, ‘बी’ प्रकारचे गळती-संरक्षण बसविल्यावाचून गत्यंतर नाही.

ड्राइव्हची आणखी एक खोड आहे. काही बिघाड नसतानाही थोडा प्रवाह अर्थच्या तारेतून सतत वाहत असतो. ती तार तुटली, तर तो माणसाच्या अंगातून वाट काढतो. यासाठी किमान 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार अथवा दोन वेगळ्या तारा घालतात. मोटरीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थ-जोडण्या हव्यात, हा तर 1956 च्या वीज नियमांपासूनचा दंडक असून तो आजही कायम आहे. ड्राइव्ह ते मोटर ही केबल जाळीच्या आवरणाची घ्यावी, ते आवरण दोन्ही टोकांस अर्थ करावे आणि केबल शक्य तितकी आखूड ठेवावी.

शेतीपंपास कपॅसिटर बसवा, असे गावोगावी सांगितले जाते. थेट विजेवर चालणाऱ्या मोटरीस तो सल्ला आजही योग्यच आहे. पण ड्राइव्ह बसविताना मोटरीकडील कपॅसिटर काढलाच पाहिजे. नाहीतर ड्राइव्ह बंद पडतो किंवा जळतो. येणारी वीज चुकून मोटरीच्या टर्मिनलांवर जोडली, तरी तोच परिणाम. वीज बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नये. आत साडेपाचशे व्होल्टहून अधिक दाबाने साठलेली वीज उतरण्यास काही मिनिटे लागतात. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा.

ग्रामपंचायतींनी आपल्या निविदेत या अटी स्पष्ट लिहाव्यात आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. अर्थचा रोध भर उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजावा आणि तो आकडा तारखेसह पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवावा.