मुक्या सोबत्यांची शरीररचना आणि प्रथमोपचार
(शिरगाव, तालुका डिचोली येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासाठी भाषण)



अंगण राखणारे कुत्रे आणि पडवीत पहुडणारे मांजर ही घरातील माणसांचीच सोबती होत. वाहनाचा धक्का बसून कुत्रे रस्त्यावर कोसळले, की पुढचे पाय धरून त्याला उचलण्यासाठी दयाळू हात पुढे सरसावतात. ही दयाच कित्येकदा त्याच्या जिवावर बेतते.

कुत्रा व मांजर या दोहोंच्या छातीत बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. त्यांच्या आत हृदय व फुप्फुसे, मागे श्वासपटलाचा पातळ पडदा आणि त्यापलीकडे यकृत, जठर व आतडी अशी रचना असते. धक्क्याने हा पडदा फाटल्यास पोटातील अवयव छातीत शिरून फुप्फुसे दाबतात. कणा मोडला असल्यास ओढाताणीने मज्जारज्जूस इजा होते. म्हणून जखमी प्राण्यास फळीवर अलगद सरकवून, अंग सरळ ठेवूनच न्यावे. वेदनेने घरचे जनावरही चावते. यास्तव कुत्र्याचे तोंड मऊ पट्टीने बांधावे. मात्र त्यास वांती होत असेल वा श्वास कोंडत असेल, तर बांधू नये. मांजर जाड टॉवेलात गुंडाळावे.

छातीवर, डाव्या कोपराच्या मागे हृदयाचे ठोके लागतात. निरोगी कुत्र्याचे ठोके मिनिटास साधारण ६० ते १४०, तर मांजराचे १४० ते २२० असतात. हिरडी बोटाने दाबून सोडल्यास दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. ती पांढुरकी राहिल्यास रक्तस्रावाची शंका घ्यावी.

कुत्र्याला घाम मुख्यत्वे तळपायांनाच येतो. धापा टाकूनच ते अंग निववते. वैशाखात, लईराईच्या जत्रेच्या दिवसांत, उन्हाने व्याकूळ झालेल्या कुत्र्यास सावलीत नेऊन साध्या पाण्याने भिजवावे व वारा घालावा. मांजराला पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. त्याच्या यकृतास ते पचवता येत नाही आणि एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

प्राणी चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रथमोपचार म्हणजे पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंतचा आधार होय. शिक्षकांनी मुलांना घरच्या शांत कुत्र्याचे ठोके मोजावयास सांगावे. निरोगी शरीर ज्या हाताला परिचित असते, त्यालाच संकटात बिघाड ओळखता येतो.