मसूर स्टेशनाबाहेरील गाडीतळ



आज एका लहानशा रेल्वे स्टेशनाचा इतिहास आपणापुढे ठेवावयाचा आहे. ते स्टेशन म्हणजे सातारा जिल्ह्यातील, पुणे-मिरज मार्गावरील मसूर. खेड्यातील स्टेशनाभोवतीची वस्ती ती केवढी! स्टेशनमास्तरचे बिऱ्हाड, गँगमनच्या खोल्या, बाहेर भाड्याच्या बैलगाड्यांचा तळ. रूळ कंपनीचे होते; गाडीतळावर मात्र गावचा कायदा चाले.

१९०१ साली परमपूज्य बाबासाहेब येथे उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे नऊ-दहा वर्षांचे होते. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांच्या भेटीसाठी सातारहून निघालेल्या या मुलांनी आगगाडी तेव्हा प्रथमच पाहिली. पैसे दिले, तिकीट मिळाले, डब्यात बसता आले. येथवर ठीक होते.

वडिलांना लिहिलेले पत्र त्यांच्यापर्यंत न पोहोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. नवी टोपी, रेशीमकाठी धोतरे पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने विचारपूस केली. मुलांनी निरागसपणे आपण महार असल्याचे सांगितले. त्याचा चेहरा पालटला व तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर पुष्कळ गाड्या उभ्या होत्या. पण बातमी गाडीवानांत पसरली होती आणि दुप्पट भाड्यालाही कोणी बैल जुंपीना! अखेरीस तोड सुचविली ती त्याच स्टेशनमास्तरने (हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे). मुलांनी गाडी हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, भाडे मात्र दुप्पट द्यावे. शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेतील जकात नाक्यावर उर्दूत बोलून, मुसलमान असल्याचे सांगूनही पाण्याचा घोट मिळाला नाही. गोरेगाव आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास.

बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेविली नसती, तर मसूरच्या इतिहासात केवळ रुळांची नोंद उरली असती. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा ठरविला. म्हणजे तो गाडीतळ कायद्याच्या कक्षेत यावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला!

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक विनंती आहे. आपल्या घरातील वृद्धांना बसवून विचारा: आपल्या स्टेशनावर पाणी कोण वाढीत असे, ओंजळीत की भांड्यात? टांगेवाला जात विचारी काय? चहाच्या दुकानी आपली कपबशी निराळी होती काय? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, सालासह वहीत उतरवून घ्या. जय भीम!