चिमट्यातली मोकळी जागा

सायकल घ्यायला गेलं की आपण रंग बघतो, गिअर किती ते विचारतो, उचलून वजनाचा अंदाज घेतो. आज मी तुम्हाला आणखी एक गोष्ट बघायला सांगणार आहे. पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि चिमट्याच्या दोन पायांमध्ये, टायरच्या दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी आहे ते बोटाने चाचपा. मग मागे जाऊन तेच करा. डांबर, मुरूम आणि खडी या तिन्हींवर चालणारी एकच सायकल हवी असेल, तर पैसे या मोकळ्या जागेसाठी मोजायचे. बाकी जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. ही जागा येत नाही.

अशा सायकलीला हल्ली ग्रॅव्हल बाइक म्हणतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल आणि ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर, अशी तिची ढोबळ ओळख. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा गवताळ टेकड्यांचा मुलूख आहे. गारगोटीच्या धारदार कपच्यांनी भरलेले तिथले कच्चे रस्ते टायरची कड कापून काढतात. २००६ साली तिथल्या एम्पोरिया गावातून २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. तेव्हा दुकानात ग्रॅव्हल बाइक नावाचा कप्पाच नव्हता. कुणी डोंगरी सायकल आणली, कुणी लांबच्या प्रवासाची, कुणी चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतीची. कंपन्यांचे कॅटलॉग मागून आले. साल्सा कंपनीची वॉरबर्ड आली ती २०१२च्या सुमारास. त्याच्याही आधी, १९९० साली, कोलोरॅडोतल्या डुरँगोला डोंगरी सायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे जॉन टोमॅक डोंगरी सायकलला रस्त्यावरच्या शर्यतीचं वळलेलं हँडल लावून उतरला होता. तेव्हा तुम्ही घरी जुळवाजुळव करून सायकल उभी केलीत, तर तुम्ही या प्रकाराच्या मूळ घराण्यातलेच.

आपल्याकडे असे रस्ते शोधावे लागत नाहीत. बारामतीकडे जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्यासारख्या कालव्यांच्या कडेच्या वाटा, धरणांमागचे खडीकरण होऊन डांबराची वाट पाहणारे रस्ते, कोकणातली जांभ्याची तांबडी वाट. पण तिथवर पोहोचायला आधी तास-दीड तास डांबर असतं. डोंगरी सायकल त्या डांबरावर जीव काढते आणि शर्यतीची सायकल पुढच्या मुरमात. म्हणून मधली सायकल.

नवी कोरी ग्रॅव्हल बाइक घ्यायची तर एखाद्या स्कूटरइतके पैसे सहज जातात. ते असतील तर खुशाल घ्या, वाईट काहीच नाही. मी बोलतोय ते ज्यांच्या हातात वीस-पंचवीस हजार आहेत आणि घरच्यांना त्याचा हिशेबही द्यायचा आहे, त्यांच्याशी.

२०२० नंतर हौसेने घेतलेल्या हायब्रिड सायकली आज कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. वॉचमनला विचारा, कुठली सायकल कुणाची आणि ती कधीपासून हललेली नाही, हे त्याला पाठ असतं. सौदा जमला तर अशी सायकल अर्ध्याहून कमी किमतीत मिळते. मात्र पुढे स्प्रिंगचा चिमटा असेल तर जपून. स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा दोन किलोंहून जड असतो आणि खड्ड्यात त्याचा उपयोग त्याच्या वजनाइतका होत नाही. साधा लोखंडी चिमटा असलेली सायकल मिळाली तर ती आधी उचला. चिमटा बदलायचाच झाला, तर नव्या चिमट्याची उंची मोजून घ्या. तो जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर आखूड निघाला, तर सायकलचं तोंड जवळपास एका अंशाने खाली झुकतं आणि हँडल चंचल होतं.

आता टायर. टायरवर २६, २७.५, २९, ७०० असे आकडे असतात आणि ते गोंधळ घालतात. २६ म्हणून विकली जाणारी चाकंसुद्धा एकाच मापाची नसतात. टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ४०-६२२. पहिली रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. खरं माप ते. ७०० सी आणि डोंगरी सायकलचं २९ इंची चाक, दोन्हींचं माप ६२२. त्यामुळे स्प्रिंग नसलेली २९ इंची डोंगरी सायकल हाती लागली, तर तिला ४० मिलिमीटरचे टायर आरामात बसतात. जुन्या २६ इंची डोंगरी सायकलचं माप ५५९. तिच्याकडेही नाक मुरडू नका, फक्त टायर गुळगुळीत, कमी गुठळ्यांचे घ्या. टायर बसवल्यावर दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. कोरड्या दिवसात दोन मिलिमीटरवरही भागतं, पण जूनमध्ये तांबडा चिखल त्या फटीत असा बसतो की चाक फिरायचं थांबतं.

पहिले पैसे टायरला, हे माझं ठाम मत. बाकीची सायकल आहे तशी ठेवून नुसते चांगले टायर घातले, तरी ती निम्मी बदलते. हवा मात्र दगडासारखी भरू नका. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४५ पीएसआय पुरतात, मागे थोडी जास्त. फारच कमी ठेवली, तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेपते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

हवेवरून एक छोटी पण कामाची गोष्ट. महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आडगावात पंक्चरवाल्याकडची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. रिमचं भोक मोठं असेल तर मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हचीच ट्यूब घाला. ऐटीला थोडी कमी, पण गुहागरच्या रस्त्यावर भर दुपारी हवा मिळते. ७०० ची ट्यूब तिथे मिळेलच असं नाही. वेळेला २६ ची ताणून बसते आणि घरापर्यंत आणते.

गिअरच्या बाबतीत दुकानदार एकूण संख्या सांगतो. तिच्याकडे लक्ष देऊ नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका ते विचारा. शर्यतीच्या सायकलला पुढे लहानात लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागे मोठ्यात मोठं २८ चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण २.६ मीटर पुढे जाते. हायब्रिडला पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील, तर ४० मिलिमीटरच्या टायरवर साधारण १.८ मीटर. सामान लादून मुरमाचा चढ चढताना या ०.८ मीटरचा फरक गुडघ्यांना कळतो. सात किंवा आठ गिअरची साधी मांडणी पुरेशी आहे. तिची चेन आणि केबल तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता जास्त; अकरा-बारा गिअरच्या चेनसाठी मोठं शहर गाठावं लागतं.

आणि ते वळलेलं हँडल? सगळ्यांना तेच हवं असतं, फोटोत तेच शोभतं. पण खिशाला भोक पाडणारी जागा नेमकी ती आहे. सरळ हँडलची नळी लिव्हरच्या जागी २२.२ मिलिमीटर जाड, वळलेल्याची २३.८. म्हणजे जुने ब्रेक-लिव्हर आणि गिअरचे खटके दोन्ही निरुपयोगी. शिवाय रस्त्यावरच्या सायकलचे लिव्हर केबल कमी खेचतात आणि व्ही-ब्रेकला ती जास्त खेचून लागते. तो जोड लावला तर ब्रेक मऊ लागतात, घाटाच्या उतारावर तर धोक्याचे. म्हणजे ब्रेकही बदला. त्यात डोंगरी सायकलची फ्रेम मुळात लांब, त्यावर पुढे पसरलेलं हँडल आलं की पाठ बोंबलते. स्टेम आखूड करावा लागतो. एवढ्या पैशांत चांगले टायर, नवी चेन, ब्रेकचे नवे पॅड आणि सगळ्या सायकलचं ओव्हरऑइलिंग होतं. सरळ हँडलला दोन्ही टोकांना छोटी शिंगं बसवा, हात ठेवायला दुसरी जागा मिळते. वर्षभर चालवा. तरीही मन हँडलपाशीच घुटमळत असेल, तर मग बदला.

सायकल विकत घेण्याआधी सीटची नळी वर-खाली सरकते का ते बघा. गंजून फ्रेममध्ये अडकलेली नळी काढणं हे भल्याभल्यांचं काम नाही. क्रँक हातात धरून आडवा हलवा. खडखड झाली तर बेरिंग गेली, पण ते स्वस्तात होतं. मागून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. फ्रेमला जोडाशी रंग फुगलेला किंवा सुरकुतलेला दिसला, तर विक्रेता कितीही ओळखीचा असो, चहा पिऊन निघा.

तुमची उंची फार जास्त किंवा फार कमी असेल, तर मात्र जुन्याच्या मागे लागू नका. मापाची फ्रेम जुन्या बाजारात मिळणं कठीण, आणि मापात नसलेल्या सायकलवर तासाभराने मान आणि मनगटं बोलायला लागतात. तिथे थोडे जास्त पैसे घालून, दुकानात बसून बघून, नवी साधी हायब्रिडच घ्यावी. तिच्याही चिमट्यात बोट घालून बघायचंच.

सायकल तयार झाली की पहिली फेरी जवळचीच मारा. मुरमाच्या हादऱ्यांनी चाकाच्या तारा सैल पडतात, विशेषतः मागच्या. परत आल्यावर सायकलवाल्याकडून दोन्ही चाकांचा आउट काढून घ्या आणि त्याच वेळी क्रँकचे बोल्ट आवळून घ्या.