पाणी कुणाला पाजायचं, कुणाला मोजून द्यायचं

(शिरवणे येथे पाड्यांवरच्या आरोग्यसेविकांसाठी झालेल्या वर्गात एका परिचारिकेने केलेले भाषण)



मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. आठवड्याचे तास १६८. रुग्णाचं तीनदा, चार-चार तास डायलिसिस झालं, तरी तो आमच्याजवळ १२ तासच असतो. उरलेले १५६ तास तो घरी, म्हणजे तुमच्या नजरेखाली असतो. म्हणून आज मशीनबद्दल न बोलता घरातल्या शुश्रूषेबद्दल बोलते.

मूत्रपिंडाचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं. एक अचानक येतं. जुलाब-उलट्या, वीटभट्टीवरच्या उन्हात अंगातलं पाणी आटणं, भातलावणीच्या दिवसांतला लेप्टो, घोणस चावणं ही त्याची कारणं. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तरीही मूत्रपिंडाला इजा होते. पण वेळेवर उपचार मिळाले, तर हे मूत्रपिंड बहुतेकदा पुन्हा काम करू लागतं.

इथे पहिली खूण लघवीची. जुलाब होणाऱ्या माणसाला विचारा, शेवटची लघवी कधी झाली? सहा-आठ तास झालीच नसेल, किंवा चहासारखी काळपट होत असेल, तर थांबू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घोट-घोट पाजत राहा आणि १०८ ला फोन करा. साप चावला असेल तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिथे पोचल्यावरही लघवी किती झाली हे सांगणारं माणूस रुग्णाजवळ हवं.

दुसरं दुखणं हळूहळू येतं आणि बरं होत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची मोठी कारणं. सकाळी डोळ्यांखाली सूज, पायावर बोट दाबलं की खड्डा, लघवीला फेस, अशी लक्षणं दिसली तर रक्तदाब, लघवी आणि रक्त तपासून घ्यायला न्या.

या रुग्णाची लघवी कमी झाली असेल, तर पहिल्याला जीव देणारं पाणीच याच्या छातीत साठतं. कालची लघवी मोजा, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवा, तेवढंच आजचं पाणी. चहा, पेज, कालवण सगळं त्यातच धरायचं. नेमका आकडा डॉक्टरांना विचारून ठेवा. सकाळी बाटली भरून ठेवली की हिशेब सोपा होतो. वजन रोज एकाच वेळी करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सुकट, बोंबील, लोणचं, पापड बंद करा, कारण मीठ तहान वाढवतं. नारळपाणी आणि केळं कौतुकानं देऊ नका. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं.

आता हाताबद्दल. ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, घट्ट बांगडी नको. त्या हातानं हंडा उचलायचा नाही, मोळीही नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहा. थरथर थांबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी पैशांचं. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ते बसतं. पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांनी माणूस खचतो. एक खेप चुकते, मग दुसरी. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. खेप चुकली, तर त्याच संध्याकाळी त्याच्या दारात जा. रागावू नका. काय अडलं ते विचारा आणि आम्हाला कळवा.

वर्ग संपला की प्रत्येकीनं मोजमापाचा एक भांडा आणि एक वही घेऊन जायची आहे. वहीत तीनच रकाने आहेत: पाणी, लघवी, वजन. ते भरत राहा. तुमची वही पाहूनच आम्हाला पुढचे उपचार ठरवता येतात.