ध्वजवंदनाची सक्ती आणि नागरिकाचा सदसद्विवेक



नागरिकांच्या हक्कांचा विचार निघाला की लक्ष बहुधा मोठ्या घोषणांकडे आणि गाजलेल्या चळवळींकडे जाते. परंतु एखाद्या हक्काचे खरे मोल कळते ते, तो मागणारा माणूस संख्येने अल्प आणि लोकमताला अप्रिय असतो, तेव्हाच. अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात या कसोटीचे एक ठळक उदाहरण आहे. त्यातील मुख्य पात्रे कोणी सेनानी किंवा मुत्सद्दी नव्हेत. ती होती शाळेत जाणारी मुले, आणि प्रश्न होता राष्ट्रध्वजाला वंदन करण्याचा.

प्रथम या प्रश्नाची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. 1787 साली फिलाडेल्फिया येथे जी राज्यघटना तयार झाली, तीत नागरिकांच्या हक्कांची स्वतंत्र सनद नव्हती. केंद्राला मोजकेच अधिकार दिलेले असल्यामुळे अशा सनदेची गरज नाही, असे घटनेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांना ते पटले नाही व त्यांनी घटनेवर सही करण्याचे नाकारले. अखेर 1789 मध्ये जेम्स मॅडिसन यांनी काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या आणि 15 डिसेंबर 1791 रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. त्यांतील पहिली दुरुस्ती धर्माचरण, भाषण, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य हिरावून घेणारा कायदा करण्यास काँग्रेसला मनाई करते.

परंतु हे बंधन केवळ केंद्रीय सत्तेवर होते. घटकराज्यांना ते लागू नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1833 साली दिला. यादवी युद्धानंतर, 1868 मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती झाली. कायद्याच्या योग्य प्रक्रियेवाचून कोणत्याही राज्याने कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये, असे तीत म्हटले आहे. यातील ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दात पहिल्या दुरुस्तीतील हक्क सामावतात, हे तत्त्व न्यायालयाने 1925 पासून हळूहळू मान्य केले. एका लहान गावाच्या शाळामंडळाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जाब द्यावा लागला, तो या शब्दाच्या जोरावर.

ते गाव म्हणजे पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल, कोळशाच्या खाणींच्या परिसरातले. तेथील मुलांना शाळेत रोज ध्वजासमोर उभे राहून, उजवा हात पुढे करून, निष्ठेची शपथ म्हणावी लागे. 1935 साली बारा आणि दहा वर्षांच्या दोन भावंडांनी हे वंदन करण्यास नकार दिला. त्यांचे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि ध्वजाला वंदन करणे म्हणजे बायबलने निषिद्ध ठरवलेले प्रतिमापूजन होय, अशी त्यांची श्रद्धा होती. मुलांना शाळेतून काढून टाकण्यात आले. वडिलांनी दावा लावला व खालच्या दोन्ही न्यायालयांत तो जिंकला.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र 3 जून 1940 रोजी आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने शाळामंडळाच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे होते. राष्ट्राची सुरक्षितता राष्ट्रीय ऐक्यावर अवलंबून असते. ते ऐक्य कोणत्या उपायांनी जोपासावे हे लोकनियुक्त संस्थांनी ठरवावे, न्यायाधीशांनी साऱ्या देशाचे शाळामंडळ बनू नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्याच आठवड्यात डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघार घेत होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या वेळची मनःस्थिती उमगते. एकटे न्यायमूर्ती हार्लन स्टोन भिन्नमत नोंदवून थांबले.

या निकालाचा लोकांनी जो अर्थ लावला तो न्यायाधीशांच्या मनात नव्हता. जे वंदन करीत नाहीत ते देशद्रोही, असा समज पसरला. निकालानंतर आठवड्याभरातच मेन राज्यातील केनेबंक येथे या पंथाचे प्रार्थनागृह जाळण्यात आले. इतर अनेक ठिकाणी त्याच्या अनुयायांवर जमावांनी हल्ले केले. जानेवारी 1942 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षणमंडळाने या निकालाचाच आधार घेऊन ध्वजवंदन सक्तीचे केले. नकार देणाऱ्या मुलाला शाळेतून काढावयाचे, मग ते गैरहजर राहते म्हणून त्याच्या आईबापांना पन्नास डॉलरपर्यंत दंड व तीस दिवसांपर्यंत कैद, अशी ही साखळी होती. पुढे केलेल्या हाताचे वंदन नाझींच्या सलामीसारखे दिसते, हे लक्षात येऊन डिसेंबर 1942 मध्ये काँग्रेसने हात छातीवर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. निष्ठेच्या नावाने चाललेल्या या सक्तीतली विसंगती एवढ्यावरूनही ध्यानात यावी.

दरम्यान न्यायालयातही विचारमंथन चालू होते. 1942 साली न्यायमूर्ती ब्लॅक, डग्लस आणि मर्फी यांनी दुसऱ्या एका खटल्यात, मायनर्सव्हिलचा निर्णय चुकला असे प्रांजळपणे नमूद केले. स्टोन आता सरन्यायाधीश झाले होते. 14 जून 1943 रोजी, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच, ‘वेस्ट व्हर्जिनिया शिक्षणमंडळ विरुद्ध बार्नेट’ या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निर्णय फिरवला. महायुद्ध ऐन भरात असताना हे घडले.

निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी प्रश्न केवळ एका पंथाच्या श्रद्धेपुरता ठेवला नाही. शांतपणे उभे राहणारे मूल कोणाच्याही हक्कावर आक्रमण करीत नाही. उलट जे मनात नाही ते तोंडाने वदवून घेण्याचा अधिकार शासनाला नाही, असे त्यांनी ठरवले. भाषणस्वातंत्र्यात मौनाचे स्वातंत्र्यही येते, हा त्याचा इत्यर्थ. काही हक्क निवडणुकीतील बहुमताच्या हेलकाव्यांपासून दूर ठेवावेत, याचसाठी सनद असते. आणि सक्तीने एकमत घडवण्याचे इतिहासातील सारे प्रयत्न शेवटी विरोधकांच्या निर्दालनाशीच येऊन थांबले, असा इशाराही त्यांनी दिला.

न्या. फ्रँकफर्टर यांचे भिन्नमत मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. आपण स्वतः छळ सोसलेल्या अल्पसंख्य समाजातले आहोत, असे सांगून ते म्हणतात की, न्यायाधीशाची वैयक्तिक सहानुभूती हा कायदा नव्हे. लोकप्रतिनिधींचे निर्णय न्यायाधीशांनी मोडावेत तर कोठवर, हा त्यांचा प्रश्न आजही निकाली निघालेला नाही.

बार्नेटचा निर्णय होऊन एक आठवडा लोटतो न लोटतो तोच, 21 जून 1943 रोजी, त्याच न्यायालयाने जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेली संचारबंदी एकमताने वैध ठरवली. डिसेंबर 1944 मध्ये त्यांना पश्चिम किनाऱ्यावरून हद्दपार करण्याचा हुकूमही उचलून धरला. या हुकुमांपायी सुमारे 1 लाख 20 हजार माणसे छावण्यांत डांबली गेली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. 1988 साली काँग्रेसने कायदा करून त्यांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20 हजार डॉलर देऊ केले. तो 1944 चा निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणावयास 2018 साल उजाडले. एकच सनद, तेच न्यायाधीश. पण मुलांना मिळालेले संरक्षण या माणसांना मिळाले नाही. यावरून दिसते की सनद आपोआप कोणाचे रक्षण करीत नाही.

भारताचा या इतिहासाशी संबंध आहे. अमेरिकेतील हक्कही निरपवाद नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत तेथील न्यायनिर्णयाचा दाखला देऊन दाखवले होते. पुढे 1985 साली केरळमध्ये याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, मात्र ते गात नसत. उच्च न्यायालयात त्यांची दाद लागली नाही. 11 ऑगस्ट 1986 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, आणि खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क आकुंचित करता येत नाहीत, असे न्या. चिनप्पा रेड्डी यांनी स्पष्ट केले. त्यांच्या निकालपत्रात अमेरिकेतील त्या दोन्ही खटल्यांचा परामर्श घेतलेला आहे.

अमेरिकेच्या शाळांतून निष्ठेची शपथ आजही म्हटली जाते. ज्याला ती म्हणावयाची नसेल त्याला गप्प राहता येते. त्या मौनाने ध्वजाची प्रतिष्ठा उणावलेली नाही. जी निष्ठा नाकारण्याची मोकळीक आहे, तिलाच स्वेच्छेने दिलेल्या निष्ठेचे मोल येते.