टेकायला जागा



आपली शहरं म्हाताऱ्या माणसांना कितपत सांभाळून घेतात, या विषयावर आज बोलायचं आहे. मी नगररचनेचा जाणकार नाही, कविता लिहिणारा माणूस. पण या विषयाचा धडा मला घरातच मिळाला. माझ्या आईकडून आणि तिच्या मासळीवालीकडून.

वरळीच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथं एक कोळीणमावशी दिवसाआड मासळी घेऊन यायच्या. राहायला वरळी कोळीवाड्यात. जिने चढून आल्या की पाटी उतरवून आमच्या गॅलरीत बसायच्या. अम्मी आतून पाण्याचा तांब्या आणायची. मग बोंबील ताजे की कालचे यावर वाद, भावावर वाद आणि त्यानंतर अर्धा तास सुखदुःखाच्या गोष्टी. मावशी अम्मीला 'भाबी' म्हणत. रमजान ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा कोळीवाड्यात जायचा, नारळी पौर्णिमेला तिकडच्या करंज्या आमच्याकडे यायच्या. चाळीस वर्षं हे चाललं.

पुढे चाळीचा पुनर्विकास झाला आणि अम्मी अकराव्या मजल्यावर राहायला गेली. याबद्दल मी नाक मुरडणार नाही. जिनं जन्मभर गॅलरीच्या टोकाला संडासाची रांग लावली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढले, तिला घरातला संडास आणि लिफ्ट म्हणजे काय ते तिलाच विचारावं. वरळीच्याच बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो.

पण आमच्या नव्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार आहे आणि विक्रेत्यांना आत सोडायचं नाही असा नियम आहे. मावशी दोनदा येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. मासळी मी बाजारातून आणत होतो, तरी अम्मीचं जेवण कमी झालं. एक दिवस म्हणाली, "मासळी येते रे, मासळीवाली येत नाही."

तेव्हा मी तिला कोळीवाड्यात न्यायचं ठरवलं. मनात धाकधूक होती. अम्मीनं ऐंशी ओलांडलेली. इमारतीच्या आवारात शंभर पावलं चालली की ती थकते आणि परत फिरते. कोळीवाड्याच्या तोंडाशी टॅक्सी सोडली. पुढे किल्ल्याकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. आणि श्रोतेहो, अम्मी मावशींच्या दारापर्यंत चालत गेली! कशी? तर वाटेत ती तीन ठिकाणी बसली. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पायरीवर. एका घरातून पाणी आलं. एका म्हातारबुवांनी जाळं बाजूला सारून जागा करून दिली. मावशी दारातूनच ओरडल्या, "आयलीस काय गो भाबी!"

म्हातारपणी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, टेकायच्या जागांमध्ये मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं.

हेच जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये पुस्तकात लिहून ठेवलं आहे. वृद्धांना सोयीची शहरं कशी असावीत, याची ती मार्गदर्शिका. जगातल्या ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलून ती तयार झाली. त्यांत आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर होती, मुंबई नव्हती. त्यात आठ मुद्दे आहेत. मोकळ्या जागा, वाहतूक, घरं, लोकांत मिसळणं, मानसन्मान, काम आणि सार्वजनिक जीवनात सहभाग, माहिती, आणि आरोग्यसेवा. बसायला बाकं हवीत, जवळ स्वच्छतागृह हवं, इतक्या साध्या गोष्टी त्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. तेव्हा ही काही मूठभर लोकांची अडचण नव्हे.

ही आठ मुद्द्यांची मोजपट्टी कोळीवाड्याला लावून पाहिली, तर निकाल संमिश्र येतो. लोकांत मिसळणं आणि मानसन्मान यांत कोळीवाडा पहिला येईल. घरं आणि आरोग्यसेवा यांत मात्र नापास. घरांचे जिने शिडीसारखे उभे. अनेकांना सार्वजनिक शौचालयापर्यंत चालत जावं लागतं, तेही रात्री-अपरात्री. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत आणायचं. मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळे कोळीवाडा सील झाला, तेव्हा ही दाटी किती जिवावर बेतू शकते ते साऱ्या मुंबईनं पाहिलं. त्या दिवसांत मावशी फोनवर अम्मीला म्हणाल्या होत्या, "घरात धा मानसं हायेत, लांब बसू तरी कशी?" अकराव्या मजल्यावर अम्मी सुरक्षित होती, पण कित्येक दिवस तिनं घराबाहेरचा चेहरा पाहिला नव्हता. एकीकडे माणसं फार, दुसरीकडे माणसंच नाहीत. दोन्ही ठिकाणी म्हातारपण अवघडच.

आणखी एक मुद्दा कामाचा. मावशी पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि अजून बाजारात बसतात. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता पुरे." त्या हसल्या. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांना केंद्राकडून निवृत्तिवेतनापोटी महिन्याला दोनशे रुपये मिळतात. २००७ पासून आकडा तोच आहे. महाराष्ट्रात राज्याची भर धरून २०२३ पासून ती रक्कम दीड हजार झाली. दीड हजारात मुंबईत महिना कसा काढायचा? पण नुसत्या पैशांची गोष्ट नाही. बाजारात मावशींच्या बसायच्या जागेला किंमत आहे, त्यांच्या शब्दाला किंमत आहे. जो खोल समुद्रात जाऊ शकत नाही तो म्हातारा कोळी किनाऱ्यावर जाळी सांधतो. ओहोटीला खडकांवर कालवं काढणाऱ्या बायकांतही वय झालेल्या आहेत. किनाऱ्यालगतची मासेमारी टिकली तरच हे हात चालते राहतात. म्हणून किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या नीट जाव्यात यासाठी इथल्या मच्छीमारांनी लढा दिला. आधी ६० मीटर ठरलेलं अंतर १२० मीटर करायला सरकार २०२२ च्या अखेरीस राजी झालं. वाहतुकीचा प्रश्न म्हणून आपण ती बातमी वाचली. मला तो वृद्धांचाही प्रश्न वाटतो.

कोळीवाड्यांच्या विकासाची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. तिथं उद्या जे काही उभं राहील, त्यात घरातला संडास हवाच, रुग्णवाहिकेला वाट हवीच. पण नकाशा काढणाऱ्यांनी आधी एक सकाळ त्या गल्ल्यांतून एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर चालावं. ते माणूस कुठे टेकतं, कुणाशी बोलतं, जाळं कुठे पसरतं, एवढं टिपून घ्यावं. ओटा मोजला तर चार चौरस फूट भरेल. विक्रीच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही, म्हणून तो आधी कागदावर यायला हवा.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी दोन मागण्या ठेवल्या. फाटकाजवळ एक बाक आणि सकाळी तासभर मावशींना तिथं बसून मासळी विकायची मुभा. बाक मंजूर झालं, बसलंही. संध्याकाळी त्यावर चार-पाच म्हातारी माणसं दिसतात. एकाच इमारतीत राहून त्यांतली काही एकमेकांना पहिल्यांदाच भेटली. मावशींचा विषय मात्र वासाच्या मुद्द्यावर अडला आणि पुढच्या सभेवर गेला.

तोवर आम्ही दर रविवारी कोळीवाड्यात जातो. जाताना अम्मी वाटेत तीन ठिकाणी टेकते. येताना चार ठिकाणी, कारण येताना हातात मासळीची पिशवी असते आणि ती मला ती धरू देत नाही.