जहाजाच्या पोटात कोरलेलं नाव



मी गंगापूरचा. समुद्र आमच्यापासून फार लांब. आमचं मोठं पाणी म्हणजे कायगावची गोदावरी आणि जायकवाडी झाल्यावर मागं पसरलेला नाथसागराचा फुगवटा. असा माणूस जहाजांवर बोलायला बसला म्हणजे तुम्हाला नवल वाटेल. पण मला बोलायचं आहे ते सुतारांविषयी, आणि सुतार काही आम्हाला परका नाही. त्याच्याच हातच्या तिफणीनं आमच्याकडं पेरण्या झाल्या, त्याच्याच गाडीतून वऱ्हाडं गेली. त्या गाडीवर मालकाचं नाव रंगवलेलं असे. सुताराचं कुठं नसे.

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराचा विषय निघाला की सर थॉमस स्लेड यांचं नाव घेतलं जातं. १७५५ ते १७७१ ते आरमाराचे सर्वेक्षक होते. म्हणजे लढाऊ जहाजांचे आराखडे त्यांच्या हातचे. पुढं ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सन ज्या 'व्हिक्टरी'वर होता, तिचा आराखडा त्यांचाच. ते मान्य करून मला तुम्हाला त्याच काळात मुंबईत घेऊन जायचं आहे.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीला सुरतेत एक जहाज बांधून हवं होतं. तिथल्या कारखान्यात लवजी नसरवानजी नावाचा एक पारशी मुकादम कंपनीच्या माणसाच्या नजरेत भरला. मुंबईला चल, असं त्याला सांगितलं गेलं. पण हातातलं जहाज पुरं झाल्याशिवाय तो मालकाला सोडून निघाला नाही. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो इथपासून. १७३६ मध्ये तो काही सुतार बरोबर घेऊन मुंबईत आला आणि पुढं मुख्य जहाजबांधणीकार झाला. वाडिया हे आडनाव या धंद्यातूनच आलेलं आहे. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. पाणी बाहेर काढून जहाज आत उभं करायचं, तळ दुरुस्त करायचा आणि पुन्हा पाणी आत घ्यायचं. अशी सोय तेव्हा आशियात दुसरीकडं नव्हती.

ही गोदी कशासाठी हवी होती, हेही सांगायला हवं. कोकणच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचं आरमार होतं. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत खडकात कोरलेली त्यांची गोदी आजही पाहायला मिळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांची जहाजं जळाली. त्या स्वारीत पेशव्यांनीही इंग्रजांना साथ दिली होती, हे आपण सांगताना जरा घाईनं पुढं जातो. सुतार मात्र दोन्हीकडं आपलेच होते.

लवजींचे नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी. मोठ्या घरची मुलं, पण आजोबांनी त्यांना थेट गादीवर बसवलं नाही. महिना बारा रुपयांवर साध्या सुताराचं काम त्यांना करावं लागलं. लाकडाची नस आधी हाताला कळली पाहिजे, मग कागदाला, असाच बहुधा आजोबांचा हिशेब असावा. आमच्याकडं उस्ताद शागिर्दाला आधी वर्षभर झाडलोट करायला लावतो, तसं.

१७९२ साली हे दोघे मुख्य झाले. फ्रामजी १८०४ मध्ये वारले आणि पुढं सारा भार जमशेटजींवर आला. तोवर इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती आणि नेपोलियनशी युद्ध चालू होतं. इकडं मलबारचा साग होता. सागात तेल असतं, ते लोखंडी खिळ्याला गंजू देत नाही. ओकचा अर्क उलट खिळा खातो. सागाला कीडही लवकर शिवत नाही. शिवाय आपल्याकडचे कारागीर फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवत नसत. कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. त्यामुळं पाणी आत शिरायला वाव कमी.

तरीही लंडनच्या आरमार खात्याला विश्वास बसायला वेळ लागला. अखेर १९ जून १८१० रोजी मुंबईत 'मिंडेन' पाण्यात उतरलं. चौऱ्याहत्तर तोफांचं. ब्रिटिश आरमाराच्या मुख्य फळीतलं, ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेलं हे पहिलं जहाज.

आता एक गोष्ट. ती सांगोवांगी चालत आली आहे, पण मला ती फार जवळची वाटते. १८०० साली जमशेटजींनी कंपनीसाठी 'कॉर्नवॉलिस' नावाचं एक जहाज बांधलं. पुढं ते ब्रिटिश आरमारानं विकत घेतलं. काही वर्षांनी दुरुस्तीसाठी ते उघडलं तेव्हा तळाच्या आतल्या तुळईवर इंग्रजीत कोरलेली अक्षरं सापडली. अर्थ असा की, हे जहाज एका मेल्या काळ्या माणसानं बांधलं, सन १८००. शिवीच होती ती. रोज कानांवर पडत असावी. जमशेटजींनी तीच उचलून आपली सही केली.

मी गझल लिहिणारा माणूस. आमच्यात शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. पण तो ऐकणाऱ्याच्या समोर म्हणायचा असतो. हा मक्ता अंधारात, जहाजाच्या पोटात, समुद्रभर हिंडत होता. वाचणारा कधी भेटेल याचा भरवसा नाही, तरी लिहिला.

मात्र जमशेटजींचा नुसता अभिमान बाळगून मला राहता येत नाही. १८१३ मध्ये त्यांनी त्याच नावाचं दुसरं, चौऱ्याहत्तर तोफांचं 'कॉर्नवॉलिस' बांधलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी, अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला नानकिंगचा तह याच जहाजावर सही करून द्यावा लागला. हाँगकाँग त्यात गेलं. आपल्या सुतारांच्या रंध्याखालच्या फळ्यांवर उभं राहून दुसऱ्या देशाची मान वाकवली गेली. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते, १८२१ मध्येच वारले होते. कारागिराला याचा जाब विचारावा का? मी विचारणार नाही. पण ते लाकूड तासणारा हात आणि त्यावर झालेली सही, या दोन्ही गोष्टी एकाच जहाजाच्या आहेत, एवढं विसरूही नये.

शेवटी 'त्रिंकोमाली'विषयी. या जहाजाचे आराखडे लंडनहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले, आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी ते जहाज नष्ट केलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. मूळ घडण फ्रेंचांची होती, पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून घेतलेली. म्हणजे फ्रेंच कल्पना, इंग्रजी कागद, मलबारी साग आणि मुंबईचे हात. पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या तुळईत रुप्याचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. तोवर नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं होतं.

स्लेडसाहेबांची ओकची 'व्हिक्टरी' १९२२ पासून पोर्टस्मथला कोरड्या गोदीत टेकूंवर उभी आहे. जमशेटजींची सागाची 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधल्याच हार्टलपूल गावी आहे. दोनशे वर्षं उलटली, आणि ती अजून पाण्यावर आहे.